उसाच्या चिपाडाचे डबे: पावसाळाभर वापरल्यावर

सांगलीत विश्रामबागला आमची घरगुती खानावळ आहे. पार्सलसाठी जूनपासून उसाच्या चिपाडाच्या लगद्याचे डबे वापरतेय.

चपाती, भात, झुणका, सुकी भाजी यांना हे डबे एक नंबर. प्लास्टिकच्या झाकणाला पाणी सुटून चपात्या ओल्या व्हायच्या, ते बंद झालं. रश्शापुढे मात्र डबा टिकत नाही. गरम तर्री ओतली की थोड्याच वेळात तळाला लालसर डाग उमटतो, बोट लावलं तर तेलकट लागतं. मुलांच्या खोलीवर पोचेपर्यंत बूड मऊ झालेलं असतं.

दुकानदार म्हणाला, "ताई, तेल न झिरपणारा माल आहे." असा माल घेताना खोदून विचारा. तेल अडवायला असल्या लगद्यात पुष्कळदा पीएफएएस गटातली (फ्लोरिनयुक्त) रसायनं घातलेली असतात. ती निसर्गात जवळजवळ मोडत नाहीत आणि त्यातली काही शरीरात साठून राहतात. अमेरिकेत खाद्यवेष्टनाच्या कागदात तेल अडवण्यासाठी त्यांची विक्री थांबल्याचं तिथल्या एफडीएने (अन्न आणि औषध प्रशासनाने) २०२४ मध्ये जाहीर केलं. आमच्या दुकानदाराकडे तपासणीचा कागद नव्हता, म्हणून मी माल घेतला नाही.

चंदेरी अ‍ॅल्युमिनियमचा डबा गळत नाही, पण चिंच-कोकमाच्या आमटीत धातू उतरतो. कागदी कपांनाही आतून प्लास्टिकचा थर असतो. आयआयटी खरगपूरच्या २०२१ च्या अभ्यासात अशा कपातल्या १०० मिलिलिटर गरम पाण्यात १५ मिनिटांत प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्मकण सुटलेले आढळले. त्यामुळे रस्सा आणि आमटी मी आता फक्त स्टीलमधून देते. रोजच्या गिऱ्हाइकांचे दोन-दोन डबे आहेत, एक त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. धुवायला पाणी जातं, पण तोच डबा वर्षानुवर्षं चालतो.

चिपाडाच्या डब्यांची "टाकाऊपासून टिकाऊ" ही जाहिरात मला पटत नाही. आपल्याकडचे कारखाने चिपाड बॉयलरला घालून वीज करतात, ते वाया कुठे जातं? शिवाय डबा फाडून शेणाबरोबर खड्ड्यात टाकला तरच लवकर कुजतो. अख्खा टाकलेला आमच्या परसात कितीतरी दिवस तसाच होता. घंटागाडीत मिसळून गेला, तर खत होण्याचा प्रश्नच नाही.

अडलंय ते भडंगाचं. कागदात ते सादळतं. कुरकुरीत राहतं ते अनेक थरांच्या पाऊचमध्ये, आणि ते पाऊच भंगारवाला हातात धरत नाही. सांगली-मिरजेत कुणी काचेच्या बरण्या परत घेऊन भडंग विकत असेल, तर फुटतूट किती होते ते जरूर सांगा.