वापरलेलं ३०८० की नवं ४०६०?

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग (संगणकावर गणितं सोडवून नाणी मिळवणं) थांबलं आणि त्यासाठी वापरलेली ग्राफिक्स कार्डं स्वस्तात बाजारात आली. १४४०पी (२५६०×१४४० पिक्सेल) पडद्यावर गेम खेळायचे असतील तर एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० (१० जीबी मेमरी) हे नव्या ४०६० पेक्षा (८ जीबी) स्पष्टपणे वेगवान आहे. पण ते ३२० वॉट खातं. ७५० वॉटचा चांगला पॉवर सप्लाय आणि हवेशीर कॅबिनेट हवंच. घेण्याआधी अर्धा तास जड गेम चालवून मेमरीचं तापमान बघा. ११० अंशांच्या आसपास गेलं की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. बहुधा थर्मल पॅड (चिपची उष्णता बाहेर नेणाऱ्या मऊ पट्ट्या) खराब झालेले असतात, ते बदलता येतात. पडद्यावर रंगीत ठिपके दिसले तर मात्र घेऊच नका. मेमरी चिप बिघडलेली असू शकते.

४०६० ला ११५ वॉट पुरतात, ५५० वॉटचा सप्लाय चालतो, वॉरंटी मिळते. १०८०पी साठी हेच घ्या.