कोकणातल्या कलाकारांचा पाच वर्षांचा प्रोजेक्ट: मोकळा ग्रुप, दुसऱ्याचं छत्र की स्वतःची संस्था?

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेले पंधरा-वीस कलाकार आहेत, त्यात कुणी दशावतारी, कुणी चित्रकार, कुणी गणपतीच्या शाळेतला (म्हणजे मूर्तीच्या कारखान्यातला) मूर्तिकार, दोघंतिघं कॅमेरावाले, काहीजण मुंबईत नोकरीला, आणि सगळ्यांच्या मनात एकच आहे की एकेक कार्यक्रम करून पांगायचं नाही, चार-पाच वर्षं टिकेल असं काहीतरी एकत्र उभं करायचं. असा ग्रुप जमला की पहिल्या दोन मीटिंगा छान होतात, तिसरीला प्रश्न येतोच की पैसे येणार कुणाच्या खात्यात आणि सही कुणाची. हे लिहितोय ते त्या तिसऱ्या मीटिंगपाशी अडलेल्यांसाठी. रस्ते तसे तीनच आहेत: आहे तसा मोकळा ग्रुप ठेवायचा, एखाद्या जुन्या संस्थेच्या किंवा कॉलेजच्या छत्राखाली काम करायचं, किंवा सरळ स्वतःची संस्था नोंदवायची.

मोकळा ग्रुप

याचा फायदा उघड आहे, उद्यापासून काम सुरू. ऑडिट नाही, ठराव नाहीत, कुणाच्या कार्यालयात खेपा नाहीत. आणि संस्था नाही म्हणजे पैसाच मिळणार नाही असंही नाही, बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारखे काही देणारे थेट व्यक्तीला अनुदान देतात, त्यामुळे एकाच्या नावानं अर्ज करून काम पुढे नेता येतं.

पण तो एकजण त्यात अडकतो. पैसे त्याच्या खात्यात, टीडीएस त्याच्या पॅनवर कापला जाणार, इन्कम टॅक्सला ते त्याचं उत्पन्न म्हणून दिसणार, मग वाटलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशोब त्यानंच दाखवायचा. त्याला उद्या काही झालं तर खातं वारसांकडे जातं, ग्रुपकडे नाही. एका वर्षाच्या कामाला हे चालून जातं, पाच वर्षांच्या कामाला हा भार एका माणसावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं, मग तो कितीही खुशीनं तयार असो.

दुसरी गोष्ट गाववाले आणि मुंबईवाले. आपल्याकडे जवळपास प्रत्येक वाडीचं एक मंडळ गावात असतं आणि एक मुंबईत, शिमग्याला किंवा गणपतीत दोघं समोरासमोर बसून हिशोब वाचतात, आणि वाद होतो तो बहुतेक वेळा याच्यावरून की पैसे तिकडून आले पण ठरवलं इकडच्यांनी, किंवा उलट. कलाकारांच्या ग्रुपात हेच होतं. म्हणून कुठलाही रस्ता घ्या, खर्चाच्या सहीतली निदान एक सही बाराही महिने कोकणात राहणाऱ्याची हवी. जुलैत वीज गेल्यावर जनरेटरवाल्याला पैसे देणारा माणूस इथंच असतो.

दुसऱ्याचं छत्र

म्हणजे संस्था त्यांची, काम आपलं. पैसे त्यांच्या खात्यात येतात, ऑडिट त्यांचं, आपण त्यांचा एक प्रकल्प म्हणून चालतो. कोकणात हे शक्य आहे कारण जुन्या शिक्षणसंस्था, वाचनालयं आहेत, देवरुख आणि सावर्डे इथं कला महाविद्यालयं आहेत. कॉलेज असेल तर भिंती, स्टुडिओ, भट्टी आणि विद्यार्थ्यांचे हात पण मिळतात, याची किंमत पैशात होत नाही.

सगळ्यात मोठा फायदा सीएसआरचा, म्हणजे कंपन्या कायद्यानुसार समाजकामावर खर्च करतात त्या पैशाचा. कंपनी कायद्यात पारंपरिक कला आणि हस्तकलांचा विकास हा सीएसआरचा मान्य विषय आहे, पण बाहेरच्या संस्थेमार्फत पैसा द्यायचा तर कंपनीला ती संस्था 12ए आणि 80जी या करसवलतीच्या नोंदण्या असलेली, सीएसआर-1 हा नोंदणीचा फॉर्म भरलेली आणि त्याच प्रकारच्या कामाचा 3 वर्षांचा अनुभव असलेली लागते. नवीन संस्था तिथं थांबते, जुनी पहिल्याच वर्षी अर्ज करू शकते. परदेशी पैशाचंही तसंच आहे, एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीसाठी संस्था 3 वर्षं जुनी आणि त्या काळात निदान 15 लाख रुपये कामावर खर्च केलेली असावी लागते. एक लक्षात ठेवा, 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेच्या खात्यात वळता करता येत नाही, म्हणजे जुन्या संस्थेला तो मिळाला तर खर्चही तिनंच करायचा, "तुम्ही घ्या आणि आम्हाला पाठवा" हे चालणार नाही.

तोटा काय तर त्यांचे पदाधिकारी बदलले की आपलं काय हे कुणालाच सांगता येत नाही. आज अध्यक्ष आपले, उद्या निवडणुकीनंतर दुसरे, आणि तोंडी बोललेलं सगळं वाऱ्यावर. म्हणून छत्राखाली जाताना त्यांच्या कार्यकारिणीचा लेखी ठराव घ्यायचा, त्यात व्यवस्थापनासाठी ते किती टक्के कापणार, बिल दिल्यावर किती दिवसांत पैसे सोडणार आणि काम अर्ध्यात थांबलं तर सामान कुणाचं हे तिन्ही हवं. आणि चौथं, जे बहुतेक लोक विसरतात, ते म्हणजे केलेल्या कामाची मालकी. ते सविस्तर सांगतो, कारण पाच वर्षांचा प्रोजेक्ट फुटतो तो बहुधा तिथं.

काम कुणाचं

कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यात एक तरतूद अशी आहे की कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन पेंटिंग, पोर्ट्रेट, फोटो किंवा फिल्म केली आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर पहिली मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणजे संस्थेनं मानधन देऊन चित्रमालिका करून घेतली आणि कागद केला नाही, तर ती चित्रं पुढे कॅलेंडरवर छापायला संस्था मोकळी आणि चित्रकार बघत बसणार. एक ओळ लिहिली की हे टळतं: मालकी कलाकाराची, संस्थेला अमुक कामासाठी, अमुक वर्षं वापरायची परवानगी. हक्क लिहून देताना मुदत टाकली नाही तर कायदा ती 5 वर्षांची धरतो आणि प्रदेश टाकला नाही तर भारतापुरता, त्यामुळे दोन्ही जागा कोऱ्या सोडायच्या नाहीत.

जिथं दोघांचं काम एकमेकांपासून वेगळं काढता येत नाही तिथं मालकी संयुक्त होते, आणि मग एकाला परस्पर कुणाला परवानगी देता येत नाही, सगळ्यांची संमती लागते. पंधराजणांनी मिळून केलेलं काम असेल आणि त्यातला एक दुबईला जाऊन फोनच उचलत नसेल तर पुस्तक अडलं. म्हणून आधीच लिहा की रोजच्या वापराच्या परवानग्या तिघांची समिती देईल, आणि विक्री किंवा कायमचे हक्क द्यायचे असतील तरच सगळ्यांना विचारायचं.

आता दशावताराचं बघा. प्रयोगाआधी रंगपटात सगळे हातात आरसा धरून आपापला रंग लावत असतात, तेव्हा आख्यान ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, आणि बाकी संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या सुचतात, लिहिलेली संहिता नसते. तुमचा कॅमेरावाला ते रात्रभर शूट करतो. फिल्म कुणाची हा एक प्रश्न, पण त्या सादरीकरणावर नटाचा स्वतःचा हक्क असतो, कायद्यानं तो 50 वर्षं चालतो. नटाची सही नसेल तर ते फुटेज पुढे वापरताना अडचण येणारच. ही सही मोकळ्या ग्रुपात मागायला लोक लाजतात, ओळखीतल्याकडे कागद कसा मागायचा म्हणून. मागा. ज्याच्या जिभेवर ते आख्यान आहे त्याला मान द्यायची पद्धतच ही आहे.

पिंगुळीच्या चित्रकथीचं, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायच्या कलेचं, आणखी वेगळं. ठाकर समाजाच्या घरांत कागदावरच्या जुन्या चित्रांच्या पोथ्या आहेत, एका कथेची एक पोथी. तिथले कलाकार परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाल्यापासून बाहेरच्यांचं लक्ष तिकडे वाढलंय, ते चांगलंच झालं. अशी जुनी चित्रं कॉपीराइटच्या मुदतीबाहेरची असतील, पण पोथी त्या घराची आहे, तिच्याभोवती श्रद्धा आहे. तुमच्या प्रोजेक्टमध्ये स्कॅन करायचं असेल तर स्कॅनची एक प्रत त्या घराला आधी द्यायची, आणि नेटवर टाकायचं की नाही हे त्या घरानं ठरवायचं. कायदा इथं फारसा बोलत नाही म्हणून आपण जास्त काळजी घ्यायची.

स्वतःची संस्था

1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली निदान 7 माणसं लागतात, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंद होते. मग दरवर्षी ऑडिट, सभा, इतिवृत्त, आणि विश्वस्त बदलला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे धर्मादाय कार्यालयात त्या बदलाची नोंद. हा चेंज रिपोर्ट वाचायला किरकोळ वाटतो पण खूप मंडळं तिथंच अडकतात, कागदावर अजून जुनेच विश्वस्त, त्यातले दोन वारलेले, बँक नवीन सही घेत नाही आणि काम ठप्प. सेक्शन 8 कंपनी, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी, हा पर्याय दोन माणसांतही होतो, शिस्त जास्त, पण कंपनी सेक्रेटरी आणि सीएचा खर्च दरवर्षीचा, छोट्या ग्रुपला तो झेपत नाही असं माझं मत.

मिळतं काय तर नाव आपलं, निर्णय आपले, 12ए-80जीची सुरुवातीची तात्पुरती नोंदणी लगेच करता येते, आणि सीएसआरचं 3 वर्षांचं घड्याळ सुरू होतं. पण नुसत्या नोंदणीनं ते घड्याळ चालत नाही, प्रत्यक्ष काम आणि त्याचे हिशोब लागतात. माणसं अजून एकमेकांना ओळखत नाहीत तोवर नोंदणी केली तर पहिलं वर्ष पदांवरूनच जातं.

कॅलेंडर, म्हणजे खरी अडचण

तिन्ही रस्त्यांना कोकणाचं वर्ष लावून बघा, मग फरक कळतो. जूनपासून भातलावणी, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, दशावताराचा हंगाम संपलेला. म्हणजे जुलैचा शेवटचा भाग नटांना आणि दर्यावरच्या पोरांना मोकळा, पर्यटक नसल्यानं राहायची सोय स्वस्त. पण तेव्हाच गणपतीच्या शाळेत श्वास घ्यायला वेळ नसतो, भिंतीला खडूनं घराची नावं घातलेले पाट रांगेनं लागलेले असतात आणि मूर्तिकार रात्रीचे जागतात. त्यांना बोलावणं म्हणजे त्यांच्या पोटावर पाय. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा घराघरात भजनं-आरत्या, मग भातकापणी, कार्तिकापासून जत्रा सुरू, फाल्गुनात शिमगा, नमन-खेळेवाले पालखीबरोबर, पुढे आंबा.

सगळे बसू शकतील असा मोकळा काळ मला एकच दिसतो, पितृपक्ष. मूर्तिकार सुटलेले, जत्रा लागलेल्या नाहीत, भात अजून उभं. नवीन कामाला लोक तेव्हा हात घालत नाहीत, पण आढावा घ्यायला, हिशोब वाचायला, पुढच्या वर्षाचं ठरवायला कुणाची हरकत नसते. त्यामुळे वर्षाची मुख्य बैठक तेव्हा, नट आणि चित्रकारांचं काम जुलैअखेर, मूर्तिकार आणि लाकूडकाम करणाऱ्यांचं दिवाळीनंतर, अशा दोन तुकड्या पाडणं मला सगळ्यात व्यवहारी वाटतं. वर्षातून एकच मोठा महोत्सव हा पर्याय मी सुचवणार नाही, सगळी ताकद मंडप आणि पाहुण्यांत जाते आणि चार दिवसांनंतर काम तिथंच राहतं.

आता पैशाचं वर्ष 31 मार्चला संपतं. देणाऱ्याला विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाला असा दाखला, मार्चअखेर हवं असतं आणि आपल्याकडे शिमगा आणि आंबा साधारण त्याच सुमाराला, बिलं गोळा करायला माणूस मिळत नाही. स्वतःची संस्था असेल तर हे ओझं तुमच्यावर, छत्र असेल तर त्यांच्या क्लार्कवर, पण बिलं तर तुम्हालाच द्यावी लागणार. अर्ज करतानाच खर्च डिसेंबरपर्यंत संपेल असं वेळापत्रक मांडा, देणाऱ्याला कारण समजावून सांगितलं की ऐकतात.

सामानाचंही आधीच ठरवा. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं सगळं गेलं होतं. मुखवटे, कागद, हार्डडिस्क वरच्या मजल्यावर, आणि डेटाची दुसरी प्रत दुसऱ्या तालुक्यात ठेवायची. कॉलेजचं छत्र घेतलं तर ही जागा बहुधा सहज मिळते, मोकळ्या ग्रुपात सामान कुणाच्या तरी पडवीत राहतं आणि दमट हवेनं कागदाला बुरशी धरते.

मग घ्यायचं काय

माझं मत स्पष्ट आहे. पहिली दोन वर्षं छत्राखाली, लेखी ठराव आणि मालकीचा कागद करून. त्या काळात आपली बैठक, आपली हिशोबाची वही, आपली तिघांची समिती अशी चालवायची जणू संस्था आहेच. दुसऱ्या पितृपक्षाच्या बैठकीला निम्म्याहून जास्त माणसं न बोलावता आली आणि हिशोब वाचताना आवाज चढला नाही तर तिसऱ्या वर्षी त्यातल्याच सातजणांनी नोंदणी करावी. मोकळा ग्रुप मी फक्त एका वर्षाच्या किंवा एकाच अनुदानाच्या कामाला सांगेन.

अपवाद विक्रीचा. सावंतवाडीच्या चितार आळीतल्यासारखं काम करणारे, लाकडी खेळणी, लाखकाम, गंजिफा (हातानं रंगवलेले गोल पत्ते) करणारे जमले असतील आणि प्रोजेक्टचा उद्देश एकत्र माल विकून नफा वाटून घेणं हाच असेल तर वरचं काहीच लागू होत नाही, ट्रस्टला नफा सभासदांत वाटता येत नाही. तिथं निदान 10 कारागीर मिळून प्रोड्युसर कंपनी (माल करणाऱ्यांच्याच मालकीची कंपनी) किंवा सहकारी संस्था बघा, आणि सीएकडे जाताना कच्च्या मालाचा आणि वर्षभरात खरंच किती नग होतात त्याचा हिशोब बरोबर न्या, त्याच्यावरच तो सांगू शकेल की दोन्हींतलं काय झेपेल.