पार्टिशनवाली ॲक्रिलिक पेटी: झाडावरच्या टॅरंटुलांना झकास, बिळातल्यांना नको

आधी मुद्द्याचं सांगतो. टॅरंटुला म्हणजे मोठे केसाळ कोळी, आणि ही त्यांना पाळायची पेटी "सगळ्या टॅरंटुलांसाठी" म्हणून विकतात ते साफ खोटं आहे. झाडावर राहणाऱ्या जाती असतील आणि तुम्हाला जोडी लावायची असेल तर डोळे झाकून घ्या, बिळात राहणारा कोळी असेल तर साधा खोल डबा बरा. कंपनीचं नाव देत नाही कारण हल्ली याच डिझाइनच्या पेट्या बरेच जण बनवतात आणि गुणदोष सगळ्यांचे थोड्याफार फरकाने तेच.

पेटी उभी आहे, समोर चुंबकाने बंद होणारं दार, वरच्या झाकणाला आणि दाराच्या खाली बारीक भोकांच्या पट्ट्या, आणि मधोमध खाच, त्यात वरून सरकवायची पारदर्शक भोकाभोकांची फळी. पैसे या फळीचे आहेत, बाकी सगळं कुठल्याही पेटीत मिळतं.

फळी का लागते ते ज्यांनी पोसिलोथेरिया मेटॅलिकाची, म्हणजे झाडावर राहणाऱ्या निळ्या भारतीय टॅरंटुलाची, जोडी लावलीय त्यांना सांगायला नको. नर शेवटची कात टाकून वयात आला की तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांची टोकं फुगतात, रंगही बराच फिका पडतो, मग तो एक छोटं जाळं विणून त्या टोकांमध्ये वीर्य भरून घेतो आणि त्यानंतरच त्याचा मादीशी काही उपयोग. नेहमीच्या पद्धतीत हा नर कपातून मादीच्या डब्यात सोडायचा आणि आपण हातात ब्रश घेऊन श्वास रोखून उभं राहायचं, कारण मादीचा मूड नसेल तर नर तिचं जेवण होतो. इथे मादी एका बाजूला आधीच स्थिरावलेली असते, नर दुसऱ्या बाजूला, दोघांना एकमेकांच्या रेशमाचा वास लागतो, नर पाय आपटून ताल धरतो आणि ती कंपनं फळीतून पलीकडे जातात. मादीने उलट टपटप केली की फळी हळूच वर ओढायची. उत्तर नाही आलं तर नाही ओढायची, भरपेट खायला घालून थांबायचं, एवढं सोपं आहे. भरपेट हा शब्द गंभीरपणे घ्या, उपाशी मादीपुढे कुठलीही फळी कामाची नाही.

शिवाय दार कमी वेळा उघडावं लागतं हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. पोसिलोथेरिया वंशातल्या कोळ्यांकडे अमेरिकेतल्या बऱ्याच टॅरंटुलांसारखे खाज आणणारे केस नाहीत, त्यांची सगळी भिस्त वेगावर आणि विषावर, आणि चावा बसला तर जबर वेदना आणि स्नायूंना गोळे येतात, काही जणांना ते गोळे कित्येक दिवस पुरतात. पहिला कोळी म्हणून या जातीचा विचार करणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

आता फळीचे दोष. खालची खाच मातीने आणि नारळाच्या भुश्याने भरते, मग फळी पूर्ण खाली बसत नाही आणि फट राहते, आणि नर इतका चपटा होऊन सरकतो की बघून विश्वास बसत नाही. म्हणून फळी आधी लावायची आणि माती नंतर भरायची. दुसरं म्हणजे लपायला ठेवलेला झाडाच्या सालीचा तुकडा फळीला टेकवून ठेवू नका, मादी दोन्हीला धरून जाळं विणते आणि ऐन वेळी फळी ओढली की तिचं सगळं घर फाटतं, मग ती चिडते आणि जोडीचा विषय तिथेच संपतो.

हवा खेळण्याच्या बाबतीत पेटी चांगली आहे पण एका अटीवर. कॅरिबेना व्हर्सिकलर, म्हणजे मार्टिनिक बेटावरची ती पिल्लूपणी निळी आणि मोठेपणी हिरव्या पाठीची, लालजांभळ्या केसांची जात, ही कोंदट दमट डब्यात पटकन दगावते, ओलावा हवाच पण हवा अडून राहायला नको. खालच्या पट्टीतून आत आणि वरून बाहेर अशी हवा इथे फिरते, फक्त माती त्या खालच्या पट्टीच्या वर जाऊ द्यायची नाही. भोकं मात्र पिल्लांसाठी फार मोठी. अंड्यांची पिशवी आईकडेच ठेवणार असाल तर आतून बारीक कापडी जाळी चिकटवा नाहीतर अख्खी प्रजा कपाटामागे फिरायला जाईल. धातूची जाळी नको, पायाची नखं अडकतात.

बिळवाल्यांचं का नको म्हटलं ते सांगतो. दाराखालचा उंबरठा जेमतेम दोन बोटं आहे. म्यानमार-थायलंडकडची कोबाल्ट ब्लू ही बिळात राहणारी जात घ्या, तिला बिळासाठी भरपूर खोल माती लागते आणि बाईसाहेब बहुतेक वेळ त्यातच. तेवढी माती भरली तर दार उघडताच सगळी बाहेर, आणि दाबाने ॲक्रिलिक फुगतं ते वेगळंच. सोकोत्रा बेटावरची मोनोसेंट्रोपस बाल्फोरी तर बरेच लोक घोळक्यानेच ठेवतात, तिथे पार्टिशनला अर्थच उरत नाही. व्हेनेझुएलाच्या पाराग्वाना भागातली ग्रीनबॉटल ब्लू चालेल असं वाटतं, कोरड्यात राहणारी आहे, पण ती जाळं दारालाच चिकटवते आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की नासधूस.

सोबत एलईडी पट्टी देतात ती कशासाठी कोण जाणे. कोळ्यांना उजेड नको असतो, लावली की सालीमागे जाऊन बसतात. पाकिटावर त्या उजेडात "कोनागणिक रंग बदलतो" असं छापलंय ते तर हसण्यासारखं. टॅरंटुलांचा निळा रंग रंगद्रव्याचा नसून केसांमधल्या अतिसूक्ष्म रचनेचा आहे हे खरं, पण २०१५ साली सायन्स ॲडव्हान्सेस या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासाची गंमतच ही होती की मोरपिसासारखा तो कोन बदलल्यावर फारसा बदलत नाही, आणि हा निळा टॅरंटुलांच्या वंशात किमान ८ वेळा वेगवेगळा उगवलाय. साध्या दिवसाच्या उजेडात मेटॅलिका पुरेशी निळी दिसते.

खरा राग माहितीपत्रकाचा. त्यातल्या फोटोत फळीच्या दोन बाजूंना चक्क दोन वेगळ्या जातींचे पोसिलोथेरिया दाखवलेत! मेटॅलिका १८९९ मध्ये पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने आंध्रातल्या गुत्तीच्या रेल्वे लाकूड डेपोतल्या नमुन्यावरून नोंदवली, मग कितीतरी वर्षं पत्ता नाही, शेवटी २००१ मध्ये नंद्याल आणि गिड्डलूरच्या मधल्या जंगलात परत सापडली, आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ती अतिसंकटग्रस्त आहे आणि अख्खा पोसिलोथेरिया वंश २०१९ पासून सायटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये. अशा जातीची भेसळ करून पिल्लं विकायची म्हणजे पुढच्या पाळणाऱ्यांकडे शुद्ध वंश उरणारच नाही. कागदपत्रं असलेली, पाळीव पैदाशीचीच जोडी घ्या आणि जातीत जात लावा. मादीने मिलनानंतर कात टाकली तर साठवलेलं वीर्य कातीबरोबर जातं हेही त्या पत्रकात नाहीये, म्हणजे नुकतीच कात टाकून झालेली मादी निवडणं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच गायब.

बाकी किरकोळ. ॲक्रिलिकवर ओरखडे लवकर पडतात, अल्कोहोलने पुसू नका, बारीक तडे जातात, कोमट पाणी आणि मऊ कापड पुरतं. माझ्याकडे आलेल्या पेटीचं एक चुंबक ढिलं होतं, कळवल्यावर बदलून आलं, पण मोठ्या मादीसाठी मी वरून पट्टा लावतोच.

मागवताना मोठी साइज मागवा. मेटॅलिकाच्या मादीच्या पायांचा फैलाव १५ सेंमीच्या आसपास जातो आणि मधल्या साइजमध्ये फळी काढल्यावरसुद्धा नराला पळायला जागा उरत नाही. एलईडीशिवायचा सेट मिळत असेल तर तोच घ्या, स्वस्तही पडतो.