उसाच्या रसाच्या ग्लासावर दिलेले पाच स्टार

मागच्या मंगळवारी बार्शीच्या मेहुण्याचा फोन आला. "दाजी, रविवारी पोरांना घेऊन त्या हुरडा पार्कला निघालोय. तुमचे पाच स्टार दिसले, म्हणून लगेच अ‍ॅडव्हान्स टाकला." मी सोलापुरात सात रस्ता चौकात होतो, गाडी बाजूला घेतली. पाच स्टार मीच दिले होते, खोटं कशाला बोलू. पण दिले तेव्हा मी त्या पार्कच्या फाटकातून आत पाऊलही टाकलं नव्हतं.

म्हणून हे लिहायला बसलोय. जागेचं नाव देत नाही. तसली एकच जागा असती तर दिलं असतं.

संक्रांत झाली होती. धाकटा भाऊ पुण्याहून बायको-मुलीला घेऊन आला होता. गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, पोरांना दोनदा नेऊन झालं, आकाशपाळणा झाला, आता काय? भावजयीला मोबाइलवर जाहिरात दिसली. शहरापासून तासाभराच्या आत, शेतात पार्क. नाश्ता, अनलिमिटेड हुरडा, गावरान जेवण, सर्व खेळ, बैलगाडी, रेन डान्स, संध्याकाळचा चहा. मोठ्यांना ६५०, लहानांना ४५०. आम्ही सहा मोठे, तीन लहान, म्हणजे ५२५० रुपये. मी आधी रिव्ह्यू बघितले, मी काही अगदीच भोळा नाही. शेकड्यांनी होते आणि जवळपास सगळे पाच स्टार. "खूप छान", "मस्त ठिकाण", "फॅमिलीसाठी बेस्ट". निम्मे पैसे, २६२५, लगेच पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर पार्कचं नाव नव्हतं, कुण्या बाईमाणसाचं नाव होतं. मालकीणबाई असतील म्हटलं आणि पिन टाकला.

जाताना आप्पा, माझे वडील, खिडकीतून बाहेर बघत होते. आप्पांची हयात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी पिकवण्यात गेली. पार्कची कमान दिसली तसे म्हणाले, "दोन्ही बाजूला ऊस अन् डाळिंबं हायती. जवारी कुठं हाय रे?" मी म्हटलं, असेल मागच्या बाजूला. त्या वाक्यावरच गाडी वळवायला हवी होती.

फाटकावर पार्किंगचे पन्नास, दोन गाड्यांचे शंभर. पाण्याच्या बाटल्या आणि आईने बांधून घेतलेली धपाटी एका क्रेटमध्ये जमा, जाताना परत मिळणार. मग टी-शर्ट घातलेली एक पोरगी हसत पुढे आली. हातात क्यूआर कोड. "सर, वेलकम! फक्त पाच स्टार द्या आणि दोन शब्द लिहा. प्रत्येक मोबाइलमागे उसाचा रस फ्री." सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती, पोरं तहानलेली. आम्ही चार मोबाइल काढले. मी लिहिलं, "खूप छान ठिकाण." भावाने लिहिलं, "मस्त." मिळालेला रस पोलिओच्या डोसापेक्षा थोडा जास्त असेल.

घरून वाचलेले ते शेकडो "खूप छान" कुठून आले, हे माझ्या डोक्यात ग्लास रिकामा झाल्यावर शिरलं. ते लिहिणाऱ्यांनीही तोवर आत काहीच पाहिलेलं नव्हतं. काही देऊन रिव्ह्यू लिहून घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही, हे मला नंतर कळलं. पण फाटकावर नियम वाचत कोण उभं राहतंय?

आत गेल्यावर "सर्व खेळ" या दोन शब्दांचा अर्थ कळला. झोका, घसरगुंडी, भोवरा, गोट्या आणि रस्सीखेच. झिपलाइन, घोडा, दोरीचा पूल, छोटी मोटारगाडी, सगळं अ‍ॅडव्हेंचर झोन. त्याला वेगळं कार्ड, कमीत कमी पाचशेचा रिचार्ज. पोरं झिपलाइनच्या खाली उभी राहून वर बघतायत, तुम्ही काय करणार? दोन कार्डं घेतली. शेवटी दोन्हींवर मिळून १४० रुपये उरले, ते परत मिळत नाहीत. कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत तसं छापलंय. गड्ड्यावर प्रत्येक पाळण्याच्या दारात तिकिटाची पाटी असते, पटलं तर बसा, नाही तर पुढं चला. तिथं मला आजवर कुणी गंडवलं नाही. बैलगाडी मात्र फुकट होती. चिंचेच्या झाडापर्यंत गेली आणि परत आली.

आता हुरड्याचं.

एका कोपऱ्यात खड्डा करून आगटी पेटवलेली, भोवती घोंगडी अंथरलेली, शेजारी फेटे ठेवलेले. लोक फेटा बांधून फोटो काढत होते. निखाऱ्यात दोन कणसं खुपसलेली. तासाभराने परत गेलो तेव्हा तीच दोन कणसं, कोळसा झालेली. खायचा हुरडा तिकडून येतच नव्हता. तो येत होता मागच्या पत्र्याच्या शेडमधून, स्टीलच्या डब्यांतून. ताटलीत मूठभर, सोबत शेंगाचटणी, गुळाचा खडा, दही, शेव. चटणी चांगली होती, ते नाकारत नाही.

आप्पांनी चार दाणे तळहातावर घेतले, अंगठ्याने चोळले, फुंकर मारली. काहीच उडालं नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेलं गरम कणीस हातावर चोळलं की दाण्यांबरोबर कूस येते, राख येते, हात काळे होतात, घशात थोडं टोचतं. फुंकर मारत मारतच हुरडा खायचा असतो. हे दाणे धुतल्यासारखे स्वच्छ होते. मऊ, ओलसर, वरून गरम आणि आत गार. आप्पांनी तोंडात टाकले, चावले आणि हळूच म्हणाले, "ह्यो बर्फातला हाय. फोडणीच्या कढईत गरम केलाय." शेडच्या मागं भावाला फ्रोजन हुरड्याच्या रिकाम्या पिशव्या दिसल्या. फ्रोजन हुरडा विकणं गुन्हा नाही, दुकानातून आणून आम्हीही खाल्लाय. पण तो आगटीचा फोटो दाखवून, शेतातला म्हणून विकायचा नसतो. आईनं आप्पांकडं बघितलं, आप्पांनी ताटली खाली ठेवली. पोरांसमोर कुणी काही बोललं नाही.

रेन डान्सला सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. भाडं शंभर, डिपॉझिट दोनशे. तीन पोरं, भाऊ आणि मी, पाच जण. बायकोनं धाकट्याला चड्डी घालताना पाहिलं की बाजूची शिवण आधीच उसवलेली, पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारून धरलेली. तिनं काउंटरवर दाखवलं. पोरगा म्हणाला, "चालतंय ओ मॅडम." संध्याकाळी त्याच चड्डीचे दोनशे कापले, "फाडलीय." भावाच्या टी-शर्टचेही दोनशे. वाद चालू असतानाच त्या पोरानं आमच्यासमोर ती चड्डी झटकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दिली. दोनशे डिपॉझिट घेऊन! हसावं की रडावं कळेना.

पाण्याची वीसची बाटली चाळीसला. सहा घेतल्या. माझा एक वकील मित्र सांगतो की हॉटेलात एमआरपीपेक्षा जास्त घेण्याबाबत २०१७चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हॉटेलांच्या बाजूनं आहे, कारण तिथं बसायला जागा मिळते, सेवा मिळते. पण टपरीसमोर उभं राहून नुसती बाटली घेतली तर ती सेवा कसली, ती वजनमापे खात्याकडं तक्रारीची बाब आहे, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी बिल हवं. मी बिल मागितलं तर एक चिठ्ठी मिळाली. वर "एस्टिमेट" छापलेलं, खाली पेननं आकडे. पार्कचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही, सही नाही. कमानीवर मात्र "शासनमान्य" असं माझ्या उंचीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२०चं आहे, नोंदणी झालेल्या केंद्राला पर्यटन संचालनालयाचं प्रमाणपत्र मिळतं. ते बघायला मागितलं. "साहेब बाहेर गेलेत."

घरी येऊन हिशेब मांडला. ५२५०चा दिवस ७४९०ला पडला. धपाट्यांचा क्रेट परत मिळाला. खोटं बोलणार नाही, धपाटी शाबूत होती. गाडीतच संपवली.

दुसऱ्या दिवशी १९१५ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन केला. मराठीत बोलता आलं, तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक दिला. पहिलाच प्रश्न होता, बिल कुणाच्या नावाचं आहे? दुसरा, पैसे कुणाच्या खात्यात गेले? दोन्हीकडं मी गप्प. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळं तो रस्ता अजून बंद नाही. पण मी कुणाविरुद्ध जाणार, त्या बाईमाणसाविरुद्ध की पार्कविरुद्ध, हे आधी ठरवावं लागेल. एवढा घोळ फक्त पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचं नाव नीट न वाचल्यामुळं.

मेहुण्याला मी सांगितलं, आधी त्यांना मेसेज टाक. फोन नको, लेखी विचार. सर्व खेळ म्हणजे कोणते, नावं लिहून द्या. हुरडा आगटीवरचा का कढईतला? कपड्यांचं डिपॉझिट किती, पाणी आत नेता येतं का, बिल कुणाच्या नावानं? आणि रिव्ह्यू वाचायचेच तर एक अन् दोन स्टारवाले वाच, तेही संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी लिहिलेले. त्यानं मेसेज टाकला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. अ‍ॅडव्हान्स परत मागितला तर फोनवर सांगितलं, तारीख बदलून मिळेल, पैसे नाही.

त्याच रात्री मी माझा रिव्ह्यू उघडला. पाचाचा एक केला. दोऱ्याच्या गाठीपासून चाळीसच्या बाटलीपर्यंत सगळं लिहिलं, चिठ्ठीचा फोटो जोडला. भावाला, बायकोला आणि भावजयीलाही बदलायला लावलं. सकाळी उठलो तर माझ्या रिव्ह्यूखाली पार्कचं उत्तर आलेलं: "धन्यवाद सर! आपण आमच्याकडे एन्जॉय केलंत, याचा आनंद आहे. पुन्हा सहकुटुंब नक्की या."