मण्यांची रोजनिशी: माळ, माग की भरतकाम?

मण्यांत रोजनिशी ठेवायची तर रंग निवडण्याआधी एक ठरवा: नोंद दिवसाची हवी की महिन्याची? माळ आणि माग दिवस मोजतात, भरतकाम महिना सांगतं. वही कोणीही उघडून वाचू शकतं, मण्यांचा अर्थ मात्र ओवणाऱ्यालाच कळतो. वन रूम किचनमध्ये चौघं राहत असतील तर हा फायदा लहान नाही.

माळ सगळ्यांत सोपी. 8 नंबरचा काचमणी (साधारण 3 मिमी) रोज एक, महिना सरला की एक मोठा मणी. भोकाच्या दिशेने मणी 3 मिमीहून कमी भरतो, म्हणून वर्षाची माळ पाऊण मीटरच्या आसपास होते. मनःस्थितीचे सात रंग घ्या, प्रत्येकी 5 ग्रॅम, म्हणजे दोनशेच्या आसपास मणी. मसाल्याच्या रिकाम्या डब्यातल्या सात वाट्या त्यासाठीच केल्यासारख्या आहेत. तंगूस वापरू नका: गुंडाळीची वळणं जात नाहीत आणि गाठ घसरते. पीळदार नायलॉन दोरा घ्या. मोकळ्या टोकाच्या मण्यातून दोरा दोनदा काढला की माळ ओघळत नाही. चुकलेल्या दिवसाला पांढरा मणी, विषय संपला. पण एका मण्यात ‘बरा दिवस’ याहून जास्त मावत नाही.

मागावर जास्त मावतं. रोज सात मण्यांची एक ओळ, त्यासाठी ताण्याचे (मागावर ताणून बांधलेले उभे) आठ धागे, मण्यांपेक्षा नेहमी एक जास्त. 11 नंबरचे (साधारण 2 मिमी) मणी घेतले तर वर्षाला 2,555 लागतात, म्हणजे जेमतेम 25 ग्रॅम. फुटके-वाकडे धरून 35 ग्रॅम घ्या. ओवलेले सात मणी ताण्याखालून बोटाने वर दाबायचे आणि सुई धाग्यांच्या वरून परत काढायची. खरी चूक इथेच होते. सुई वरून न जाता ताण्याच्या धाग्यातच घुसली, तर पुढे ओळ सरकवताही येत नाही आणि उसवताही येत नाही. दोरा जास्त ओढला की पट्टी मधेच अरुंद होते. मुंबईत भुलेश्वरच्या बाजारात वजनावर मिळणारे मणी जाड-बारीक निघतात. भरतकामात ते खपून जातात, मागावर पट्टी सापासारखी वळते. इथे एकसारख्या आकाराच्या जपानी मण्यांवर पैसे घालवणं योग्यच. राहून गेलेला दिवस मात्र नंतर मधे घुसवता येत नाही, तेव्हाच कोरी ओळ विणावी लागते. आणि ताणलेला माग लोकलमध्ये नेण्याचा विचारही नको.

भरतकाम सर्वांत बोलकं: दर महिन्याला कापडाचा एक तुकडा. टिकली, तुटक्या बांगडीचा मणी, जुन्या मंगळसूत्राची काळी पोत, सगळं चालतं. कापडाखाली बकरम (कडक अस्तर) लावा, नाहीतर मण्यांच्या वजनाने ते चुण्या धरतं. चार मणी ओवून टाका घाला, दोन मणी मागे येऊन सुई वर काढा, शेवटच्या दोनांतून पुन्हा ओवा, मगच पुढचे चार. एकेक मणी लावत बसलात तर रेघ डुगडुगते. नळीमण्यांच्या धारदार कडा दोरा कापतात, म्हणून दोन्ही टोकांना एकेक गोल मणी ठेवा. आकार 8 सेंमी बाजूच्या चौरसाच्या वर नको: तेवढा पूर्ण भरायलाच दोन हजारांच्या आसपास मणी जातात. हौसेने पोस्टकार्डाएवढं कापड घेणारे मार्चपर्यंत दमतात.

रोज पाच मिनिटंच असतील तर माळ. घरात न हलवता ठेवायला कोपरा असेल तर माग. रविवारी दोन तास सलग मिळत असतील तर भरतकाम. एरवी त्याच्या वाटेला जाऊ नका.

कोणतंही निवडा, एका रंगाचे वर्षभराचे मणी एकाच खेपेत घ्या, पुढच्या मालाची छटा बदलते. आधी चार मणी ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर ठेवा. फडक्याला रंग लागला तर ते घेऊ नका. आतून रुपेरी मुलामा असलेले मणी मुंबईच्या पावसाळी दमटपणात काळवंडतात आणि सुती दोऱ्याला बुरशी धरते. जून ते सप्टेंबर काम हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. कोणता रंग कशाचा, ते कापडी पट्टीवर पक्क्या शाईने लिहून कामाच्या पाठीला शिवा. माळ असेल तर डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा.