बर्गस्ट्रॉम सुई: स्नायूतल्या मूलपेशी मोजायच्या तर अजूनही हीच

पाचेक मिलिमीटर जाडीची स्टीलची नळी, टोकाजवळ एक खिडकी आणि आत सरकणारी धारदार कडेची दुसरी नळी. स्नायूचा छोटा तुकडा तपासणीसाठी काढणाऱ्या बर्गस्ट्रॉम सुईत याहून फारसं काही नाही. फ्रेंच डॉक्टर ड्युशेनची एकोणिसाव्या शतकातली कल्पना स्वीडिश डॉक्टर योनास बर्गस्ट्रॉमने १९६२ मध्ये पुन्हा वापरात आणली. आदल्याच वर्षी संशोधक अलेक्झांडर मॉरोने बेडकाच्या स्नायूत सॅटेलाइट पेशी पाहिल्या होत्या. माणसात त्या शोधायचं हत्यार अशा रीतीने वेळेवर हजर झालं.

सॅटेलाइट पेशी म्हणजे स्नायूच्या मूलपेशी. तंतूचं आवरण आणि त्यावरचा बेसल लॅमिना हा पातळ थर यांच्या फटीत त्या निजलेल्या असतात. तंतूला इजा झाली की जाग्या होऊन विभागतात. काही तंतूत मिसळून त्याला नवी केंद्रकं देतात, तर काही परत झोपी जाऊन साठा राखतात. मोजणाऱ्याची अडचण अशी की त्या फार विरळ असतात. म्हणून नमुन्याच्या आडव्या छेदात किमान ५० टाइप वन (संथ) आणि ७५ टाइप टू (जलद) तंतू स्वच्छ दिसायला हवेत. दोन्ही प्रकार वेगळे मोजावे लागतात, कारण वयाबरोबरची घट मुख्यतः टाइप टू तंतूंभोवती दिसते.

इथेच बारीक, स्प्रिंगवाली १४ गेजची सुई मागे पडते. तिला चीर लागत नाही आणि दुखतंही कमी, पण एका खेपेत पंधरा-वीस मिलिग्रॅमच हाती येतं. जनुकांच्या तपासणीला तेवढं पुरतं, पॅक्स-सेव्हन या सॅटेलाइट पेशींची ओळख पटवणाऱ्या प्रथिनावरून होणारी मोजणी मात्र डळमळीत होते. कॉन्कोटोम चिमटा भरपूर ऊती देतो, पण त्यालाही चीर घ्यावी लागते.

बर्गस्ट्रॉम सुई घ्यायची तर सक्शनची जोडणी असलेलीच घ्यावी. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या व्हॅस्टस लॅटरॅलिस स्नायूवर डॉक्टर बधिर करणारं लिडोकेन देतात ते त्वचेत आणि फॅशियाच्या, म्हणजे स्नायूवरच्या चिवट आवरणाच्या, वर. स्नायूत नाही, नाहीतर नमुनाच बिघडतो. साधारण पाच ते दहा मिलिमीटरची चीर फॅशियापर्यंत नेतात, सुई आत घालतात, मदतनीस मोठ्या सिरिंजने निर्वात ओढतो आणि आतली नळी दोन-तीनदा दाबून तुकडे कापले जातात. सक्शनमुळे स्नायू खिडकीत ओढला जातो. शंभर मिलिग्रॅमच्या पुढेही नमुना मिळू शकतो. नंतर दहा मिनिटं घट्ट दाब. हे टाळलं की रक्त साकळून गाठ धरते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगणं अत्यावश्यक.

सुईचा खरा दोष धारेत. निर्जंतुकीकरणाच्या फेऱ्यांनी कडा बोथट होते, मग ती कापत नाही, चिरडते. छेदात तंतू वेडेवाकडे आणि आकसलेले दिसले तर आधी धार तपासावी.

बाकीचा बहुतेक गोंधळ सुईबाहेरचा असतो. नमुना सलाइनमध्ये भिजवला की गोठताना बर्फाचे स्फटिक होतात आणि तंतूंना भोकं पडतात. थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकला तर भोवती वायूचा थर तयार होऊन गोठणं मंदावतं. रक्त हलकेच टिपावं, भिंगाखाली तंतू उभे लावावेत आणि नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेन या द्रवात बुडवावं. भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरू लागला म्हणजे ते पुरेसं गार झालं. नंतर क्रायोस्टॅट या गोठलेले नमुने कापणाऱ्या यंत्रावर सात ते दहा मायक्रॉनचे छेद. रंगवताना पॅक्स-सेव्हनसोबत लॅमिनिन (बेसल लॅमिना दाखवणारं) आणि डॅपी (केंद्रकं दाखवणारं) हवंच, नाहीतर ठिपका लॅमिनाच्या आत आहे की बाहेर, हे कळतच नाही.

पेशी वाढवायच्या असतील तर नमुना गोठवू नये. थंड माध्यमात ठेवून बारीक चिरावा, कोलॅजिनेज या पाचक विकराने सुटा करावा आणि पेशींच्या पृष्ठभागावरच्या सीडी-५६ या प्रथिनावरून हव्या त्या पेशी वेगळ्या कराव्यात. पाचन लांबलं तर पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनंच कापली जातात आणि हव्या त्या पेशी निसटतात.

व्यायामाचा परिणाम पाहणाऱ्यांसाठी एक सापळा: सुई स्वतःच जखम करते आणि त्या जखमेने भोवतालच्या सॅटेलाइट पेशी जाग्या होतात. तीव्र व्यायामानंतर त्यांची संख्या साधारण ७२ तासांच्या सुमारास वाढलेली सापडते, पण दुसरा नमुना पहिल्याच भोकातून घेतला तर वाढ व्यायामाची की सुईची, हे कुणीच सांगू शकत नाही. दर वेळी नवी चीर, किमान दोन-तीन सेंटिमीटर दूर. जमल्यास दुसऱ्या पायावर.