ठाण्याच्या हवेत स्की जॅकेट: धुणं, सुकवणं आणि कपाटात टिकवणं

वॉटरप्रूफ स्की जॅकेटची खरी परीक्षा ठाण्यातल्या कपाटात होते. गुलमर्गला ते जेमतेम आठवडाभर अंगावर असतं, उरलेलं वर्ष घोडबंदर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दमट हवा खात पडून असतं. गेल्या हिवाळ्याआधी घेतलं, बर्फात वापरलं, घरी धुतलं, अख्खा पावसाळा सांभाळलं. आता दिवाळी झाल्यावर लिहितेय. ब्रँड सांगत नाही, कारण यातलं जवळजवळ सगळं कुठल्याही चांगल्या जॅकेटला लागू आहे. माझं 20,000 मिमी रेटिंगचं आहे, म्हणजे चाचणीत एवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसतं. आत पातळ सिंथेटिक भरण, काखेत हवा खेळायला चेन, कमरेला बर्फ आत शिरू नये म्हणून स्नो स्कर्ट.

पहिले दिवस मस्त गेले. मग एका दुपारी ओला, जड बर्फ पडायला लागला आणि खांदे काळपट दिसू लागले. आतून गारढोण, ओलसर. "गळतंय हे, परत कर," नवऱ्याचा निकाल. पण गळत नव्हतं. बाहेरच्या कापडावर पाणी झटकून टाकणारा एक लेप असतो, त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात, आणि पाणी अडवणारं मेंब्रेन त्याच्या आत असतं. घाम, सनस्क्रीन, धूर, बॅगेच्या पट्ट्यांचं घासणं यांनी लेप थकला की बाहेरचं कापड पाणी पितं. मेंब्रेन तेव्हाही पाणी अडवतंच, पण भिजलेल्या कापडातून घामाची वाफ बाहेर पडत नाही. आत जो ओलावा लागतो तो बहुतेक वेळा आपल्याच घामाचा. हल्लीच्या बऱ्याच जॅकेटांवर फ्लोरिनविरहित लेप असतो. पर्यावरणासाठी उत्तम, पण तेलकटपणापुढे तो लवकर हात टेकतो. म्हणजे नवं जॅकेट जास्त वेळा धुवावं लागतं, कमी नाही. "महागाचं आहे, धुऊ नका" हा सल्ला मला घरातून, शेजारून, सगळीकडून मिळाला. तो ऐकू नका.

आधी आतलं लेबल वाचा. माझ्या लेबलवर 30 अंश, हळू स्पिन, ब्लीच नाही, ड्रायक्लीन नाही, असं होतं. नौपाड्यातला एक लॉन्ड्रीवाला तरी म्हणालाच, "ताई, असले कपडे आम्ही ड्रायक्लीनच करतो." लेबलवर वर्तुळावर फुली होती. नमस्कार केला आणि घरी आले.

साबण मी निकवॅक्सचं टेक वॉश वापरते. महाग आहे, पण वर्षातून किती वेळा लागणार? ते नसेल तर साधं सौम्य लिक्विड चालतं, अगदी थोडं. पावडर नको, आणि कम्फर्टसारखं सॉफ्टनर तर अजिबात नको, कारण त्याचा थर कापडावर बसतो आणि कापड पाणी धरायला लागतं. लोकरीच्या कपड्यांच्या लिक्विडमध्येही कधीकधी कंडिशनर असतं, बाटलीवर बघून घ्या. मशिनचा साबणाचा कप्पा ओढून काढला तर कोपऱ्यात जुन्या सॉफ्टनरचा निळसर गिळगिळीत थर सापडला. तो गरम पाण्याने घासून काढला. खिसे रिकामे करताना गुलमर्गच्या गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या तिकिटाचा लगदा निघाला. मग सगळ्या चेन बंद, व्हेलक्रो चिकटवलेलं, कॉलर आणि मनगटांवर लिक्विड लावून मऊ ब्रशने हलकेच. धुऊन झाल्यावर एक जादा रिन्स.

टॉप लोड मशिन असेल तर मात्र जपून. वॉटरप्रूफ कापडातून पाणी निथळत नाही, ते फुग्यासारखं अडकतं आणि जोरात स्पिन लागला की मशिन नाचायला लागतं. बऱ्याच मशिनच्या पुस्तिकेत वॉटरप्रूफ कपडे स्पिनला टाकू नका असं लिहिलेलंच असतं. त्यापेक्षा टबात हाताने धुवा, पिळू नका, उलटंसुलटं टांगून निथळू द्या.

लेप परत लावायला निकवॅक्सचाच टीएक्स डायरेक्ट स्प्रे घेतला. मशिनमध्ये टाकायचंही मिळतं, पण आत अस्तर आणि भरण असलेल्या जॅकेटला स्प्रे बरा, नाहीतर घाम शोषणाऱ्या अस्तरावरही तोच लेप बसतो. जॅकेट ओलं असतानाच मारायचा आणि जास्तीचं फडक्याने टिपायचं.

सुकवणं ही ठाण्यातली खरी अडचण. ड्रायर किती घरांत असतो? लेबल परवानगी देत असेल तर मंद उष्णतेवर ड्रायर सगळ्यात सोपा, कारण उष्णतेने जुना लेपही पुन्हा जागा होतो. मी गॅलरीत सावलीत वाळवलं, रात्री पंख्याखाली. पूर्ण वाळल्यावर लेबलवर इस्त्रीचा एक ठिपका होता म्हणून सगळ्यात कमी उष्णता, वाफ बंद, मध्ये सुती पंचा, आणि हात सतत फिरता ठेवला. बिल्डिंगखालच्या इस्त्रीवाल्या काकांकडे मात्र देऊ नका. कोळशाच्या इस्त्रीला ठिपके कळत नाहीत.

नंतर बेसिनवर धरून पाणी शिंपडलं. छातीवर, पाठीवर थेंब गोल होऊन पळाले. उजव्या खांद्यावर, जिथे बॅगेची पट्टी घासते, तिथे मात्र तळहाताएवढा डाग ओलाच राहिला. दुसऱ्यांदा स्प्रे मारून थोडा फरक पडला, नव्यासारखं झालं नाही. होणारही नाही बहुधा.

पावसाळ्यात जॅकेट बेडच्या बॉक्समध्ये कोंबू नका. मेंब्रेन किंवा आतला थर पॉलियुरेथेनचा असेल तर उष्ण, दमट हवेत तो हळूहळू विघटित होतो: आधी चिकट लागतं, मग पापुद्रे सुटतात, शिवणीवरच्या पट्ट्या निघतात. ते झालं की कुठलाही साबण, कुठलाही स्प्रे कामाचा नाही. माझं जाड हँगरवर, सुती कव्हरमध्ये लटकत होतं, खिशांत सिलिका जेलच्या पुड्या. उघडीप मिळाली की खोलीत पंख्याखाली. व्हॅक्यूम बॅगेत भरण चेपतं, आणि डांबरगोळ्यांचा वास पुढच्या सहलीपर्यंत पुरतो. नोव्हेंबरात शिवणी तपासल्या, सगळ्या शाबूत.

ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात पावसात घालून बघितलं का? बघितलं. पाणी आत आलं नाही, पण घामाने आंघोळ झाली. वाफ बाहेर जायला आत-बाहेर फरक लागतो; बाहेरच हवा ओलीचिंब आणि गरम असेल तर ती जाणार कुठे? शिवाय चिखल आणि बॅगेच्या पट्ट्या लेपाचं वाटोळं करतात ते वेगळंच. सह्याद्रीला पोंचो, छत्री, फार तर बिनअस्तराचं हलकं जॅकेट.

दरवर्षी बर्फात जाणार असाल तर घ्या. पाच वर्षांतून एकदा जाणार असाल तर गुलमर्गला जॅकेट, बूट, स्की सगळं भाड्याने मिळतं. भाड्याने घेताना बाटलीतलं थोडं पाणी खांद्यावर ओतून बघा, आणि कापड काळं पडलं तर दुसरं मागा.